टोक गोलच घ्या!

गेल्या आठवड्यात ऑफिसमधला एक मित्र माझ्या डेस्कपाशी आला आणि हळूच म्हणाला, "उस्तरा घेतोय. टोक कुठलं घेऊ?" अर्धं ब्लेड अडकवायचा नव्हे, तर खरा, घडीचा, रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजून वापरायचा उस्तरा. त्याने मोबाइलवर फोटोही काढून ठेवले होते. नजर अर्थातच चौकोनी टोकावर होती. चार वर्षांपूर्वी माझीही तिथेच होती, त्यामुळे मला हसू आवरेना.

तर मंडळी, आधी थोडं तांत्रिक. उस्तऱ्याला मुख्य टोकं तीन. चौकोनी टोकात धार अगदी शेवटपर्यंत सरळ जाते आणि काटकोनात संपते. तिथला कोपरा सुईसारखा असतो. फ्रेंच टोकात पात्याची पाठ शेवटाकडे कमान घेत खाली उतरते, पण धारेचा कोपरा टोकदारच राहतो. गोल टोकात तो कोपराच नसतो, कारण धार शेवटी वळून त्वचेपासून दूर जाते. याशिवाय टोकाशी छोटी खाच पाडलेलाही एक प्रकार मिळतो. "तो कशासाठी?" या प्रश्नावर हौशी लोक तासन्‌तास भांडू शकतात. आपण त्यात पडायला नको.

पाऊण वर्ष मी ऑनसाइट ड्युसेलडॉर्फला होतो. तिथून लोकल पकडली की झोलिंगेन अगदी जवळ. हे गाव कित्येक पिढ्या पातीच घडवतंय. 'झोलिंगेन' हे नाव तर १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. दुसरीकडे घडवलेल्या पात्यावर ते कोरता येत नाही. एका रविवारी तिथलं पात्यांचं म्युझियम बघून आलो आणि डोक्यात किडा शिरला. पुढच्याच शनिवारी जाऊन उस्तरा घेतला. पाच अष्टमांश इंच रुंद पातं, चौकोनी टोक. का? तर दिसायला भारी. बास, एवढंच कारण.

तिसऱ्या दिवशी कानाच्या पाळीखाली कापलं. पातं तीस अंशाच्या आसपास धरलं होतं, कातडी ताणली होती, सगळं पुस्तकाबरहुकूम. पण जबड्याच्या वळणावर हात किंचित कलला आणि कोपरा आत गेला. तासाभराने क्लायंटसमोर डेमो! कॉलरवर रक्ताचा ठिपका घेऊन मी परफॉर्मन्सचे आकडे समजावत होतो.

तरी पुढे हात बसला आणि मी चौकोनी टोकाचा प्रचारकच झालो. मिशीची कड, नाकाखालची जागा, कल्ल्यांची रेघ... तिथे कोपरा खरंच कामाला येतो. ते आजही नाकारत नाही.

मत बदललं ते गेल्या पावसाळ्यात. बाबा पायरीवरून घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाबांना रोज दाढी लागते. दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, तुझा तो उस्तरा आहे ना? माझी पण करून दे की."

मी फेस लावला, पातं गालाजवळ नेलं आणि थांबलो. स्वतःची दाढी करताना टोक बोचू लागलं की कातडी आधी सांगते आणि हात आपोआप मागे येतो. आपल्या भाषेत फीडबॅक लूप. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तो तुटतो. बाबांना बोचलेलं मला कळणार कधी? रक्त आल्यावर. त्या दिवशी मी मुकाट्याने साधा सेफ्टी रेझर काढला. मग गोल टोकाचा उस्तरा मागवला, आधी आठवडाभर स्वतःवर वापरला आणि नंतरच बाबांच्या गालाला लावला. प्लास्टर निघेपर्यंत एकदाही कापलं नाही. नाकाखाली दोन केस राहायचे. बाबा त्यावरूनही बोलायचे, ते सोडा.

म्हणून माझं मत असं आहे. कुठल्या टोकाने दाढी 'चांगली' होते, हा प्रश्नच चुकीचा आहे. गालावर तिन्ही सारखीच चालतात. फरक पडतो तो आपण चुकल्यावर. गोल टोक चूक पोटात घालतं, चौकोनी लगेच वसूल करतं. प्रोडक्शनमध्ये डिफॉल्ट सेटिंग आपण सुरक्षितच ठेवतो ना? मग चेहऱ्यावर का नको?

कुणी म्हणेल, नाक्यावरच्या सलूनमधल्या अर्ध्या ब्लेडलाही कोपरे असतातच की. असतात. पण तो कारागीर दिवसभरात जितक्या दाढ्या करतो, तितक्या करायला आपल्याला महिना लागेल. कोरीव दाढी ठेवत असाल तर चौकोनी किंवा फ्रेंच जरूर घ्या, पण दुसरा उस्तरा म्हणून. आणि पहिलाच घ्यायचा हट्ट असेल, तर कोपरा धार लावायच्या दगडावर हलकेच टेकवून बोथट करून घ्या. मिलिमीटरभर धार जाईल, कान वाचेल.

हे सगळं मित्राला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चौकोनी टोकाचाच उस्तरा मागवला. असो. सोमवारी त्याच्यासाठी तुरटीचा खडा घेऊन जाणार आहे.