पाहुण्यांसाठी गरम भरले पाव

घरी मेजवानी असली म्हणजे गृहिणीच्या वाट्यास बहुधा एकच जागा येते, ती चुलीपुढची. बाहेर बोलणे रंगात आलेले असते आणि आत ती घाणा तळीत उभी असते. पहिला घाणा बाहेर गेला नाही तोच दुसऱ्याची हाक येते. शेवटचा निघेपर्यंत दूरगावाहून आलेली आत्या निरोप घेऊन दारापर्यंत पोहोचलेली असते. ही रीत थोडी सैल व्हावी असे ज्या घरांस वाटत असेल, त्यांच्यासाठी आज आम्ही एक पदार्थ सांगणार आहोत. तो आदल्या रात्री रचून ठेवता येतो, अर्ध्या तासात भाजून होतो आणि सर्वांच्या हाती एकाच वेळी गरम पडतो. ह्या पदार्थाने आम्हांस एक धडाही शिकविला. तो जरा कडू आहे, म्हणून शेवटास ठेवितो.

अमेरिकेत ह्या भरल्या पावांस ‘स्लायडर’ म्हणतात. कॅन्सस संस्थानातील विचिटा शहरी १९२१ साली ‘व्हाइट कॅसल’ हे उपाहारगृह निघाले. तेथील चौकोनी बर्गर इतके लहान असत की दोन-चार घासांत संपत. अशा चिमुकल्या पावांस पुढे हे नाव रूढ झाले. त्यांत भरावयाचे जिन्नस असतात ते ‘डेली’तले. डेली म्हणजे हॅम, सलामी, टर्की, चीज ह्यांचे पातळ काप करून देणारे दुकान. मूळ शब्द जर्मन, आणि ही दुकाने अमेरिकेत वाढविली ती युरोपातून आलेल्या जर्मन व यहुदी कुटुंबांनी. यहुदी आहारनियमांप्रमाणे मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. म्हणून नियम पाळणाऱ्या यहुदी डेलीत मांसावर चीजचा काप कधी ठेवीत नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पावाची कथा तर आपल्या अधिक जवळची आहे. अमेरिकन घरांत ह्या कामी बारा जोडपावांची गोड लादी वापरतात, ती हवाई बेटांतली. १८७८ साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर जहाजाने होनोलुलूस पोहोचले. त्यांच्या लोकांबरोबर त्यांचा गोड पावही तेथे रुजला. १९५० साली हिलो गावी रॉबर्ट तायरा ह्या जपानी आईबापांच्या मुलाने बेकरी काढली आणि तसल्याच पावाची लादी पुढे देशभर पोहोचविली. आपल्याकडेही पाव आला तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात, आणि ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. तेव्हा आपली लादी आणि हवाईची लादी ही दूरची भावंडेच म्हणावयाची. गोव्यातील पोदेर आणून देतो तो कडक उंडो मात्र ह्या कामी नको. एकमेकांस चिकटलेला, कडांनी मऊ असा लादीपावच हवा.

बारा पावांसाठी साहित्य असे : शिजविलेल्या हॅमचे पातळ काप पाव किलो, चीजचे काप दोनशे ग्रॅम, लोणी साठ ग्रॅम, मोहरीचा तयार सॉस एक मोठा चमचा, अगदी बारीक चिरलेला एक लहान कांदा आणि वर भुरभुरण्यास चमचाभर खसखस. लोणी खारट असेल तर मीठ मुळीच घालू नये, कारण हॅम व चीज दोन्ही मुळात खारट असतात.

पाव सुटे करू नयेत. आख्खी लादी पाटावर ठेवून, वरून एक हात हलके दाबून, दातेरी सुरीने आडवी चिरावी, म्हणजे एका लादीच्या दोन चादरी होतात. खालची चादर लोणी लावलेल्या ट्रेमध्ये, चिरलेली बाजू वर करून, १८० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये पाच मिनिटे भाजून घ्यावी. ही पाच मिनिटे पुष्कळजणी वाचवितात, आणि मग पाव तळाशी ओला लगदा का झाला ह्याचे नवल करीत बसतात. भाजलेल्या पावावर आधी चीजचा थर द्यावा. वितळलेले चीज हॅमचे पाणी पावात उतरू देत नाही. त्यावर हॅम, हॅमवर पुन्हा चीज आणि वर दुसरी चादर. कांदा लोण्यात मंद आचेवर मऊ करून त्यात मोहरी मिसळावी, ते लोणी वरून चमच्याने सर्वत्र पसरावे आणि खसखस भुरभुरावी.

ट्रे ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाने झाकून पंधरा मिनिटे ठेवावा, मग कागद काढून आणखी पाच ते आठ मिनिटे. झाकल्यामुळे आतले चीज वितळते आणि उघडल्यामुळे वरचा पाव तांबूस होतो. दोन्ही टप्पे हवेत. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे दम धरावा आणि मग जोडांवरून सुरी फिरवावी. घाई केल्यास चीज सुरीबरोबर निघून येते.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी खंत करू नये. नानकटाईचे पीठ मळून शेजारच्या बेकरीत भाजून आणण्याची रीत आपल्या गावोगावी होतीच, आणि ओळखीचा बेकरीवाला ट्रेला अजूनही नाही म्हणत नाही. तेही न जमल्यास जाड बुडाच्या रुंद पातेल्यात खाली तिवई ठेवून, वर घट्ट झाकण घालून मंद आचेवर करावे. वरचा तांबूसपणा येणार नाही, पण आतील गोडी तीच.

आदल्या रात्री रचावयाचे तर लोणी लावू नये, नाहीतर पाव भिजतो. झाकून शीतकपाटात ठेवावे आणि भाजण्याच्या वेळीच लोणी लावावे. भाजलेले पाव दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नयेत, आणि हवा ३२ अंशांहून अधिक तापली असेल तर एका तासाहून अधिक नाही. मांस व चीज उबेत राहिले की त्यांत जंतू झपाट्याने वाढतात, आणि वासावरून ते ओळखू येत नाहीत. पाहुणे उशिरा येणार असतील तर पाव उशिरा भाजावे.

आता तो धडा. आमच्या बेळगावात शेजारीपाजारी सर्व तऱ्हेचे लोक असतात. कोणी डुकराचे मांस खात नाही, कोणी कसलेच मांस खात नाही. म्हणून घरातल्या धाकट्याच्या वाढदिवसास आम्ही दोन ट्रे केले. दुसऱ्यात ढोबळी मिरची व अळंबी परतून, पाणी आटवून भरली होती. सुऱ्या वेगळ्या, पाट वेगळा, ट्रेवर चिठ्ठी लाविलेली. शेजारच्या आजी शुद्ध शाकाहारी. वर्षानुवर्षे आमच्या घरी विश्वासाने खात आलेल्या. त्यांनी दोन पाव घेतले आणि तोंडभर स्तुती केली.

दुसऱ्या दिवशी ओटा आवरताना वॉर्सेस्टरशायर सॉसची बाटली हाती आली. लोण्याला चव यावी म्हणून आम्ही त्याचे चार थेंब घातले होते, आणि लोणी एकाच भांड्यातून दोन्ही ट्रेंवर गेले होते. बाटलीवरील बारीक अक्षरे तेव्हा प्रथम वाचली. ह्या सॉसमध्ये परंपरेने अँकोव्ही नावाचे मासे मुरविलेले असतात, आणि त्या बाटलीतही ते होते.

घरात दोन मते पडली. चार थेंब ते काय, त्यांना कळले नाही, तर सांगून म्हाताऱ्या जिवाला का दुखवावे, असे एक मत. आम्हांसही ते क्षणभर सोयीचे वाटले, हे लपवीत नाही. पण भरलेला पाव हा सर्व बाजूंनी बंद असलेला पदार्थ. खाणाऱ्यास आतले दिसत नाही. तो खातो ते करणाऱ्याच्या शब्दावर. तो शब्द खोटा ठरला असेल तर तसे सांगण्याचे ऋणही करणाऱ्याचेच. संध्याकाळी आम्ही जाऊन सांगितले.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत.” एवढेच. पुढे दीड महिना त्या आमच्याकडे आल्या की पाण्याखेरीज काही घेईनात. तो रिकामा पेला उचलताना आम्हांस जे वाटे ते येथे लिहीत नाही.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात काही नियम झाले आहेत. प्रत्येक बाटलीवरील खूण पाहावयाची. हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ ते शाकाहारी, तपकिरी चौकटीतला त्रिकोण तो मांसाहारी. जुन्या बाटल्यांवर त्रिकोणाच्या जागी तपकिरी वर्तुळ दिसेल. बिनमाशाचा वॉर्सेस्टरशायर सॉसही आपल्याकडे मिळतो, पण खूण पाहूनच घ्यावा. परदेशी चीज आणले तर ते कशाने विरजले आहे तेही वाचावे. पार्मेझानसारख्या काही चीजांत वासराच्या जठरातील रेनेट असते. शाकाहारी ट्रे आधी रचावयाचा, आधी भाजावयाचा, आणि त्याचे लोणी, वाटी, चमचा सर्व निराळे. दोन्ही ट्रे दिसावयास सारखे असतात, म्हणून एकावर खसखस, दुसऱ्यावर तीळ. चिठ्ठी गळून पडते, तीळ पडत नाहीत.

परवा पुन्हा घरी चार माणसे यावयाची होती. तासभर आधीच आजी काठी टेकीत आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या. “लोणी कुठाय? आज मी वितळवते.” आम्ही पातेली त्यांच्या हाती दिली. तिळाच्या ट्रेतला पहिला पाव त्यांनीच उचलला.