चित्रफितीवरील राष्ट्रस्मृती

राष्ट्राचा इतिहास केवळ ग्रंथांत नसतो. तो चित्रफितीवरही असतो. ही जाण मराठी माणसाला फार लवकर आली. केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे स्वागत १९०१ साली सावेदादा भाटवडेकरांनी चित्रित केले, तेव्हा भारतीय चित्रपटसृष्टीचा जन्मही व्हावयाचा होता.

त्याच वाटेने पुढे गेलेले एक नाव म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचे दिग्दर्शक प्रेम वैद्य. ‘मॅन इन सर्च ऑफ मॅन’ या अंदमानातील वनवासी बांधवांवरील माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी १९७४ साली ते उत्तर सेंटिनेल बेटाच्या किनाऱ्यावर गेले आणि तेथून सुटलेला बाण त्यांच्या मांडीत रुतला. सरकारी नोकरीतील माणूस केवळ वेतनासाठी असे साहस करीत नाही. त्यामागे व्रत असावे लागते.

पुढे १९८३ साली, स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वैद्य यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. ज्या महापुरुषाने अंदमानच्या कोठडीत दशकभर यातना भोगल्या, त्याच्याविषयी मोजूनमापून बोलण्याची रीत रूढ झालेली असताना शासनाच्याच संस्थेतून हा चित्रपट निघाला, हे विशेष. ध्येयनिष्ठ माणूस व्यवस्थेत राहूनही राष्ट्रकार्य करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

परंतु अशा तपश्चर्येचे फळ आपण जपतो का? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील भांडाराला आग लागली आणि मूक चित्रपटांच्या काळापासूनचा दुर्मीळ ठेवा भस्मसात झाला. १९४८ साली स्थापन झालेली फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. संस्थेचे नाव बदलो अथवा न बदलो, तिच्याकडील हजारो माहितीपट राष्ट्राची ठेव आहेत. त्यांचे जतन हे शासनाचे कर्तव्य आहेच. पण ते पाहणे आणि पुढील पिढीला दाखविणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

किती शाळांनी, किती मंडळांनी सावरकर जयंतीला हा माहितीपट दाखविला? किती घरांच्या माळ्यांवर जुन्या सभासंमेलनांची रिळे बुरशी खात पडली आहेत? जयंतीला हार घालणे सोपे असते. ती रिळे शोधून अभिलेखागाराच्या स्वाधीन करणे कष्टाचे असले, तरी स्मृतीची खरी पूजा तीच होय. आपला इतिहास इतरांनी विकृत केला, अशी तक्रार करण्याचा अधिकार तो जपणाऱ्यांनाच असतो.