बो अँड ब्रॉम्लीचा धडा

पक्षाच्या अभ्यासवर्गात बोलण्याचा प्रसंग आला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. लोकप्रतिनिधीची सदसद्विवेकबुद्धी एक सांगत असेल आणि पक्षाचा निर्णय दुसराच असेल, तर त्याने काय करावे? तरुण कार्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले असते: राजीनामा द्यावा आणि पुन्हा जनतेसमोर जावे. हे उत्तर स्वच्छ आहे, आणि म्हणूनच मोहात पाडणारे आहे. पण नेमके हेच ज्याने केले त्या जॉर्ज लॅन्सबरी या ब्रिटिश समाजवाद्याचे पुढे काय झाले, हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

लॅन्सबरी लंडनच्या पूर्व भागातील बो अँड ब्रॉम्ली या मतदारसंघाचे मजूर पक्षीय खासदार होते. वस्ती कष्टकऱ्यांची. आगकाड्यांच्या कारखान्यातील स्त्रियांचा १८८८ चा प्रसिद्ध संप याच बो मधला. डिसेंबर १९१० मध्ये हुजूर पक्षाच्या लिओ ॲमेरी यांच्या ३,४५२ मतांविरुद्ध ४,३१५ मते मिळवून ते निवडून आले होते.

त्या पार्लमेंटात उदारमतवादी आणि हुजूर या दोन्ही पक्षांचे बळ जवळजवळ सारखे होते. पंतप्रधान ॲस्क्विथ यांचे सरकार आयरिश सभासद आणि मजूर पक्षाचे ४२ खासदार यांच्या आधारावर उभे होते. मजूर पक्षाला हे सरकार पडू द्यायचे नव्हते. ऑस्बर्न निकालाने कामगार संघटनांच्या राजकीय निधीवर घातलेली बंदी उठवून घ्यायची होती, आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयकही सभागृहात आले होते. परंतु हेच सरकार स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न टोलवीत होते. मार्च १९१२ मध्ये यासंबंधीचे विधेयक २०८ विरुद्ध २२२ मतांनी, म्हणजे अवघ्या १४ मतांनी, फेटाळले गेले. तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांच्या पोटात नळीने बळजबरीने अन्न घातले जात होते. जूनमध्ये लॅन्सबरी यांनी सभागृहात थेट पंतप्रधानांच्या आसनापाशी जाऊन या छळाचा जाब विचारला, आणि त्यांना बाहेर जावे लागले.

स्त्रियांना मत मिळेपर्यंत सरकारच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत द्यावे, अशी त्यांची आपल्या पक्षाकडे मागणी होती. पक्षाने ती मानली नाही. तेव्हा आपल्या मतदारसंघातील संघटनेला पुरेसे विश्वासात न घेता त्यांनी राजीनामा दिला आणि याच एका प्रश्नावर पोटनिवडणूक लढविली. २६ नोव्हेंबर १९१२ रोजी मतदान झाले. हुजूर पक्षाचे रेजिनाल्ड ब्लेअर यांना ४,०४२ मते पडली, लॅन्सबरी यांना ३,२९१. पराभव ७५१ मतांचा.

आकडे जरा नीट पाहू. लॅन्सबरी यांची १,०२४ मते घटली, हुजूर पक्षाची ५९० वाढली, आणि एकूण मतदान ४३४ ने उतरले. म्हणजे केवळ लोक घरी बसले म्हणून ते हरले, असे म्हणता येत नाही. त्यांच्यामागे उभे राहणाऱ्यांपैकी काहीजण विरुद्ध बाजूला गेले असावेत, असाच तर्क निघतो.

असे का झाले? पहिली गोष्ट म्हणजे, ज्यांच्या हक्कासाठी ही निवडणूक होती त्यांना मतच नव्हते. मतदार पुरुष होते, आणि सर्व पुरुषांनाही मत नव्हते. घर आणि वास्तव्य यांच्या अटींमुळे देशातील सुमारे चाळीस टक्के प्रौढ पुरुष यादीबाहेर होते. पुरुषांच्याच अटींवर स्त्रियांना मत दिले तर ते सुखवस्तू घरांतल्या बायकांना मिळेल, आमच्या घरी नाही, ही कामगाराची शंका निव्वळ पुरुषी अहंकारातून आलेली नव्हती. तिचे निरसन दारोदार जाऊन महिनोन्‌महिने करावयाचे होते. काही आठवड्यांच्या सभांनी ते होणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट, लॅन्सबरी यांच्या साहाय्याला आलेल्या पँकहर्स्टप्रणीत संघटनेने ऑक्टोबरातच मजूर पक्षाविरुद्धही युद्ध पुकारले होते. ज्या पक्षाला रोज शिव्या मिळत होत्या त्याच्याच अनुयायांनी निमूटपणे मत द्यावे, अशी ही अपेक्षा होती! मतदानाच्या दिवशी काय घडले ते सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी पुढे लिहून ठेवले आहे: मोटारी स्त्रियांच्या संघटनेकडे, मतदारांच्या याद्या मजूर पक्षाच्या प्रतिनिधीकडे, आणि दोघेही आपल्या हातचे दुसऱ्याच्या स्वाधीन करावयास तयार नाहीत. त्यात अमूल्य तास वाया गेले.

याच काळात दुसरा एक मार्गही चालू होता. मताधिकाराची मागणी करणाऱ्या सनदशीर स्त्री संघटनांच्या महासंघाने १९१२ च्या मे महिन्यात निवडणूक निधी उभारून मजूर उमेदवारांच्या प्रचाराला कार्यकर्ते पुरविण्यास आरंभ केला. त्यात ना सभात्याग होता, ना वर्तमानपत्रांचे मथळे. परंतु जानेवारी १९१३ मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेने ठराव केला, की स्त्रियांना वगळणाऱ्या कोणत्याही मताधिकार विधेयकाला पक्ष विरोध करील. लॅन्सबरी यांना पक्षाकडून जे राजीनाम्याने मिळाले नाही, त्याच्या बरेच जवळ हे चिकाटीचे काम पोहोचले.

म्हणून लॅन्सबरी चुकले असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. तत्त्वाच्या बाबतीत ते आपल्या बहुतेक सहकाऱ्यांच्या पुढे होते. १९१८ मध्ये तीस वर्षांवरील अनेक स्त्रियांना आणि १९२८ मध्ये सर्व प्रौढ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले, ते त्यांच्यासारख्यांच्या हट्टामुळेही. त्यांची चूक राजीनाम्यात नव्हती, त्याच्या क्रमात होती. जनतेकडे जाण्यापूर्वी त्यांनी आपल्याच कार्यकर्त्यांकडे जावयास हवे होते. ती चूक महाग पडली. ही जागा १९२२ पर्यंत हुजूर पक्षाकडे राहिली.

मात्र पराभवानंतर ते बो सोडून गेले नाहीत. १९२१ मध्ये गरीब वस्त्यांवर पडणाऱ्या स्थानिक करांच्या विषम बोजाविरुद्ध पॉप्लरच्या नगरपालिकेने लढा दिला, तेव्हा लॅन्सबरींसह तीस सभासद तुरुंगात गेले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. या वेळी ते एकटे नव्हते. सबंध वस्ती त्यांच्या मागे होती. पुढल्याच वर्षी बो अँड ब्रॉम्लीने त्यांना पुन्हा निवडून दिले आणि १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही.

तेव्हा अभ्यासवर्गातील त्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: राजीनामा जरूर द्यावा, परंतु तो खिशात घालून आधी शाखेच्या बैठकीला जावे. तेथे जो आपल्या माणसांना पटवू शकत नाही, त्याने मतदारांना पटविण्याची आशा जपूनच धरावी.