एकवीस हजारांचे दारिद्र्य

शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसते आणि तो मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निवाडा करते. यवतमाळ जिल्ह्यात हे दोन शब्द आता इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांतील क्रौर्य कोणाच्या ध्यानातही येत नाही. 2006 साली ठरलेल्या निकषांनुसार मृताच्या अथवा त्याच्या कुटुंबीयाच्या नावे सातबारा हवा. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे हवे. आणि ते थकलेले हवे. हे सारे जुळले तर वारसांना एक लाख रुपये, त्यांतले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. मक्त्याने जमीन कसणारा, बियाणे-खतासाठी बिनपरवाना सावकाराचा उंबरठा झिजविणारा, वनजमिनीवर राबणारा पण सातबारा नसलेला कोलाम, यांची पोरे पोरकी झाली तरी या कसोटीला उतरत नाहीत. बाप गेला हे खरे, पण तो नियमाप्रमाणे गेला नाही!

हा केवळ एका समितीचा दोष असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. मुलाबाळांच्या कुटुंबाला आधार देण्यापूर्वी त्याच्या दारिद्र्याची झडती घेतलीच पाहिजे, हा विचारच मुळात तपासून पाहावयास हवा.

मागे राहिलेली विधवा संजय गांधी निराधार अनुदानासाठी अर्ज करते. 2023 पासून तिचे अनुदान दरमहा 1500 रुपये झाले. अट एवढीच की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे. म्हणजे दोन मुलांच्या आईने महिन्याला 1750 रुपयांहून अधिक मिळवता कामा नये. आता शासनाचाच हिशेब शासनापुढे मांडू. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा केंद्राने ठरविलेला दर दिवसाला 297 रुपये होता आणि कायद्याने 100 दिवसांच्या कामाची हमी होती. या दराने ती बाई 71 दिवस राबली की 21,000 ची रेषा ओलांडते. शंभर दिवसांचे 29,700 होतात. सरकारने एक वचन पाळले तर दुसरे वचन आपोआप रद्द होते, असा हा चमत्कार आहे.

व्यवहारात काय घडते, हे खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. तलाठ्याच्या अहवालात उत्पन्न नेमके रेषेच्या आत बसविले जाते. अर्जदार खोटे बोलते, तलाठी खोटे लिहितो, तहसीलदार त्या खोट्यावर शिक्का मारतात. तिघांनाही ते ठाऊक असते. मात्र त्या खोट्याची दोरी बाईच्या हाती राहत नाही. ती गावच्या पुढाऱ्याच्या आणि दलालाच्या हाती जाते. उद्या बाई सभेत प्रश्न विचारू लागली की दाखल्याची फेरतपासणी होऊ शकते. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याला मारलेल्या हेलपाट्यांची किंमत तर कोणत्याच रकान्यात नाही.

गंमत अशी की दारिद्र्याचे माप खात्यागणिक वेगळे आहे. 1999 साली शिधापत्रिकांना तीन रंग दिले गेले तेव्हा पिवळ्या पत्रिकेसाठी वार्षिक 15,000 ची मर्यादा ठरली. निराधार विधवेसाठी 21,000. आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी ‘माझी लाडकी बहीण’ अवतरली तेव्हा त्याच 1500 रुपयांसाठी मर्यादा एकदम अडीच लाखांवर गेली. पिवळ्या-केशरी पत्रिकाधारकांना उत्पन्नाचा दाखलाही मागितला गेला नाही. मते हवी होती तेव्हा विश्वास पुरला. मतमोजणी झाल्यावर चाळणी बाहेर आली. जून 2025 पासून 26 लाख 34 हजार जणींचे हप्ते स्थगित केल्याचे शासनानेच जाहीर केले. काही हजार पुरुषांनी पैसे लाटले, त्यांचे समर्थन कोण करील? परंतु त्यानंतरच्या ई-केवायसीत पतीचा वा पित्याचा आधार मागणाऱ्या यंत्रणेला, ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा स्त्रिया या राज्यात आहेत, हे मागाहून आठवावे लागले. यवतमाळने हे पहिल्याच दिवशी सांगितले असते.

‘श्रीमंताच्या पोरालाही पैसे द्यायचे काय?’ असा प्रश्न आपल्याच बैठकांतून विचारला जातो. द्यावेत, आणि करातून दुपटीने वसूल करावेत. झरी जामणीत असे श्रीमंत किती निघतील, आणि त्यांना वगळण्यासाठी किती हजार आयांना कचेरीपुढे उभे करावयाचे, याचा विचार आक्षेप घेणारांनी करावा. ब्रिटनमध्ये 1931 नंतर बेकारांच्या घरात शिरून चीजवस्तू मोजणारी उत्पन्न-चाचणी कामगारांनी इतकी धिक्कारली की 1945 च्या कायद्याने दुसऱ्या मुलापासून पुढील प्रत्येक मुलासाठी दिलेला कुटुंबभत्ता कोणाचेही उत्पन्न न विचारता दिला गेला. दूर जाण्याचेही कारण नाही. बहात्तरच्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या आणि 1977 साली कायदा झालेल्या आपल्या रोजगार हमीने काम मागणाराला दाखला मागितला नाही. शाळेतला दुपारचा भात वाढताना बापाची जमीन विचारीत नाहीत. उलट 1997 मध्ये रेशनची दारिद्र्यरेषेवर फाळणी झाली आणि ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जातो ते वर्ग रांगेतून बाहेर पडले. राहिलेल्यांच्या धान्यातील खड्यांची तक्रार करणारे कोणी उरले नाही. यवतमाळसह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी पत्रिकेच्या शेतकऱ्यांना 2015 पासून मिळणारे स्वस्त धान्य 2023 साली बंद होऊन माणशी महिना 150 रुपये हाती टेकविले गेले, तेव्हा मुंबईत पानही हलले नाही.

‘लेक लाडकी’तही पिवळा-केशरी रंग आहेच, शिवाय दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंबनियोजनाची अट. तिसऱ्या मुलीने कोणता अपराध केला?

आपणही थोडे आत्मपरीक्षण करावे. दाखले मिळवून देण्याची शिबिरे भरविणे, अपात्र प्रकरण पात्र करून आणणे, यांत आपल्या तालुका शाखांची वर्षे गेली. त्या बायांना दोन घास मिळाले, ते काम थांबवावे असे मी म्हणणार नाही. पण चाळणी धरून उभे राहणारे हात आपलेही होते. पुढील मोर्चा तहसीलवर नेताना मागण्यांच्या पहिल्या ओळीत 21,000 ची मर्यादा वाढवा असे लिहू नये. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी, जन्मनोंदणी एवढ्याच आधारावर, दरमहा भत्ता आईच्या खात्यात जमा करा. बाप कसा गेला, कोणाचे कर्ज होते आणि सातबारा कोणाच्या नावे आहे हे विचारू नका, असे लिहावे.