शंभर पणांत शंभर पक्षी

राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर पणांत शंभर पक्षी आणावयाचे आहेत. पारवे तीन पणांना पाच, सारस पाचांना सात, हंस सातांना नऊ आणि मोर नऊ पणांना तीन. ज्या कर्नाटकाच्या राजधानीत, बंगळुरात, मी हे लिहीत आहे, त्याच भूमीतील महावीराचार्यांनी इ. स. 850 च्या सुमारास ‘गणितसारसंग्रहा’त हे उदाहरण घातले. पुढे भास्कराचार्यांनीही 1150 च्या सुमारास आपल्या ‘बीजगणिता’त ते घेतले.

आजचा विद्यार्थी म्हणेल, अज्ञात राशी चार आणि समीकरणे दोनच. तेव्हा माहिती अपुरी आहे. परंतु अर्धा पक्षी विकत मिळत नाही, ही अटदेखील माहितीच होय. पक्षी वरील भावाच्या पुऱ्या वाट्यांनीच घ्यावयाचे असे धरू. पारवे, सारस व हंस यांच्या प्रत्येक वाट्यात पणांपेक्षा पक्षी दोनांनी अधिक आहेत. मोरांच्या वाट्यात ते सहांनी उणे आहेत. दोन्ही बेरजा शंभरच हव्यात. म्हणून मोरांच्या एका वाट्यामागे इतर तीन वाटे घेतलेच पाहिजेत. अशा चार वाट्यांत कमीत कमी अठरा आणि जास्तीत जास्त तीस पक्षी येतात. तेव्हा शंभर पक्ष्यांसाठी मोरांचे वाटे चार किंवा पाचच असू शकतात. चार घेतल्यास, चारही जातींचे पक्षी आणण्याचे चार मार्ग निघतात. पाच घेतल्यास दोन. उदाहरणार्थ, पारव्यांचे तीन वाटे, सारसांचे चार, हंसांचे पाच व मोरांचे चार.

म्हणजे बरोबर उत्तरे सहा! आमच्या क्रमिक पुस्तकांच्या शेवटी मात्र बहुधा एकच उत्तर छापलेले असते. एखाद्या मुलीने दुसरे उत्तर काढले आणि ते छापील उत्तराशी जुळले नाही म्हणून चूक ठरले, तर तिचा गणितावरील विश्वासच डळमळेल. एका वाक्याची दोन निर्दोष भाषांतरे होऊ शकतात, हे मला माझ्या व्यवसायाने शिकविले. गणितात मात्र असे घडत नाही, अशी माझी समजूत शाळेने करून दिली होती. ती दूर व्हावयास हवी.

म्हणून माझी सूचना एवढीच की, अशी उदाहरणे वर्गात पुन्हा यावीत आणि त्यांखाली ‘उत्तर काढा’ असे न लिहिता ‘सर्व उत्तरे काढा, आणि याहून अधिक का नाहीत ते सांगा’ असे लिहावे. गुण द्यावयाचे ते या ‘का’ला द्यावेत.