‘सुस्त’ आणि ‘सुस्तु’

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकच्या सीमेवरच्या तालुक्यांतला मराठी माणूस आजारी पडला की अनेकदा कन्नड बोलणाऱ्या वॉर्डात दाखल होतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उशाशी बसलेली बायको म्हणते, “सिस्टर, हे सकाळपासून सुस्त पडलेत.” कन्नडमध्ये ‘सुस्तु’ म्हणजे थकवा, आणि ऑपरेशननंतर थकवा येणारच. बायकोला मात्र सांगायचं असतं की माणूस हाकेला नीट ओ देत नाही. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून कोणी पुन्हा विचारत नाही. अनोळखी शब्द असता तर निदान कोणाला तरी अर्थ विचारला असता.

ही चूक किती महाग पडू शकते, ते पाहा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये रुग्ण खालावतोय हे वेळेत ओळखण्यासाठी एक गुणतक्ता तयार केला आणि 2017 मध्ये तो सुधारला. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना त्यात गुण असतात. सुधारित तक्त्यात नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकदम 3 गुण आहेत. बेरीज 5 झाली की डॉक्टरांनी तातडीने यायचं, 7 झाली की ती आणीबाणी. पण माणूस गोंधळलाय हे कळणार बोलण्यातून. ज्याची भाषा येत नाही, तो बरळतोय की नीट बोलतोय, हे कसं ठरवायचं?

दुसरा दुर्लक्षित आकडा श्वासाचा. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवतं; श्वास मात्र छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. एका सिस्टरच्या वाट्याला खूप खाटा आल्या की हे मिनिट सर्वात आधी जातं आणि अंदाजाने ‘20’ लिहिलं जातं. श्वास मिनिटाला 25 किंवा जास्त झाले, तर त्या एका आकड्यालाच 3 गुण आहेत, आणि ऑक्सिजनचा आकडा तेव्हाही चांगला दिसू शकतो. लघवीचंही तसंच. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिलीपेक्षा कमी होऊ लागली, तर ते पिशवीकडे बघणाऱ्यालाच आधी कळतं.

आपल्या वॉर्डांत जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. कालपर्यंत कण्हणारा आज गप्प झाला असेल, तर आधी त्याच्याकडे जायला हवं.

सीमेवर आणखी एक धोका आहे, तो रस्त्याचा. सोलापूर, लातूर, हैदराबाद, जिथे ओळख निघेल तिथे आपण रुग्ण हलवतो. देशातला कोरोनाचा पहिला नोंदलेला मृत्यू कलबुर्गीच्या 76 वर्षांच्या गृहस्थांचा, 10 मार्च 2020 रोजी; त्यांना हैदराबादला नेलं होतं आणि परत आणताना ते गेले. त्यांचं काय करायला हवं होतं, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण हलवलेल्या रुग्णाची शेवटची मोजणी किती वाजता झाली, हे सोबतच्या कागदावर नसेल, तर पुढच्या वॉर्डाला त्याचा उतार दिसत नाही. तिथे सगळी सुरुवात पुन्हा पहिल्या आकड्यापासून होते.

याचा दोष सिस्टरांवर टाकणं अन्याय होईल. खाटांच्या मानाने माणसं नेमणं आणि मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू शब्दांचा एक तक्ता वॉर्डात लावणं ही व्यवस्थेची कामं आहेत. ‘दम लागतोय’, ‘जीव घाबरतोय’, ‘कसंतरी होतंय’ हे शब्द त्या तक्त्यात हवेतच. ‘सुस्त’ सर्वात वर हवा.

तोवर, उशाशी बसणाऱ्यांनो, एक करा. ‘सुस्त’ म्हणून थांबू नका. “काल मला नावाने हाक मारत होते, आज ओळखत नाहीत,” असं सांगा. सिस्टरच्या डोळ्यांत ते उतरलं नाही, तर शेजारच्या खाटेवरच्या कन्नड माणसाला सांगायला लावा, आणि श्वास मोजून होईपर्यंत तिथून हलू नका.