शिक्षकांना एक सामाईक तास द्या

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा आहे. त्यात वेग-काल आलेख येतो आणि त्या आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून अंतर काढायचे असते. अक्ष आणि निर्देशक यांचा रीतसर धडा मात्र गणित भाग दोनमध्ये, सातव्या प्रकरणात आहे. विज्ञानाचे सर जे येत असल्याचे गृहीत धरतात, ते गणिताच्या मॅडम कित्येक महिन्यांनी शिकवतात.

शिकवणीला जाणाऱ्या मुलाला हा सांधा तिथे कोणीतरी जुळवून देतो. घरातून पहिल्यांदाच नववीपर्यंत पोहोचलेल्या मुलीला कोण देणार? 'आपल्याला गणित जमत नाही' असे समजून ती गप्प बसते. यात तिचा दोष नाही आणि शिक्षकांचाही नाही. त्यांना एकत्र बसायला वेळच दिलेला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दोघे दोन भाग वेगवेगळे लिहितात. पण ते कुठे जोडायचे, हे आधी एकत्र बसून ठरवतात. तो वेळ कामाचाच धरला जातो. शाळेत मात्र तो मधल्या सुट्टीतून काढावा लागतो.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा दिला. हस्तोद्योगाभोवती इतर विषय गुंफायचे, हा त्याचा गाभा. मराठीत त्याला 'समवाय' म्हणतात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही विषयांमधल्या भिंती कमी करायला सांगते. पण या भिंती परिपत्रकाने पडत नाहीत. त्यासाठी वेळापत्रकच बदलावे लागते.

सुरुवात लहान असावी. मुख्याध्यापकांनी गणित, विज्ञान आणि भूगोलाच्या शिक्षकांना आठवड्यात एक तास एकाच वेळी मोकळा ठेवावा. तिघांनी महिन्याचे धडे एका कागदावर लिहावेत, जुळणारी एक जागा शोधावी आणि तेवढाच एक तास दोघांनी मिळून वर्गात घ्यावा. त्यासाठी नवी फाइल किंवा अहवाल मागू नये, नाहीतर मोकळा तास कागद भरण्यातच जाईल.

आपल्यापैकी अनेकांची भावंडे अशाच शाळांत शिकतात. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत संगणक आणि इमारतीबरोबर हा तासही मागा. जिथे शिक्षक कमी आहेत तिथे तो बसवणे अवघड जाईल. तिथे रिक्त जागांचा प्रश्नही त्याच बैठकीत विचारा.